वासा जहाज, दोन पट्ट्या आणि पुरात भिजलेलं लाकूड

पॅटर्नवाला:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसताच वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, टंकायला वेळ लागतो तेव्हा चुका सांभाळून घ्या. विषय जरा आडवळणाचा आहे, कोल्हापूरच्या माणसानं जहाजावर लिहायचं म्हणजे पंचगंगेतली नाव आणि रंकाळ्यातलं बोटिंग सोडून आपण बघितलंय काय. पण घरात आता कुणी ऐकून घेत नाही म्हणून इथं.

माझा धंदा पॅटर्नचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फौंड्रीत ओतकामाला वाळूत साचा उठवायचा तर आधी त्या पार्टचा लाकडी नमुना लागतो, तो पॅटर्न. आण्णांनी (वडील) उद्यमनगरात बाकडं टाकलं तेव्हा सगळं काम हातरंध्यावर आणि पटाशीवर, आता आम्ही सीएनसीवर अॅल्युमिनियमचे करतो ते सोडा. तर २०१९ चा पूर. शाहूपुरीतल्या आमच्या गोडाऊनमध्ये पाणी शिरलं ते आठवडाभर हललंच नाही. आत आण्णांचे ४० वर्षांचे सागवानी पॅटर्न, पुल्या, पंपाची केसिंगं, ऑइल इंजिनाची फ्लायव्हीलं, उसाच्या चरकाचे रोल. पाणी ओसरल्यावर मी शहाणपणा केला, सगळं बाहेर काढून उन्हात मांडलं. आठवड्याभरात तडे. सरस सुटून जोड उघडले, गोल पुल्या बटाट्यासारख्या झाल्या. आण्णा नव्हते तेव्हा, ते एक बरं.

रात्री मोबाईलवर शोधत बसलो की भिजलेलं लाकूड वाळवायचं तरी कसं, आणि तिथं हे जहाज समोर आलं. ३३३ वर्षं पाण्यात होतं आणि वाळवायला २६ वर्षं घेतली. मी चार दिवस थांबलो नव्हतो.

जहाजाचं नाव वासा. स्वीडनच्या राजाचं, गुस्ताव्ह दुसरा अॅडॉल्फ याचं, ६४ तोफांचं लढाऊ जहाज. १० ऑगस्ट १६२८, रविवारचा दिवस, स्टॉकहोमच्या धक्क्यावर गाव लोटलेलं, राजवाड्याखालून जहाज निघालं, चार शिडं सोडली, सलामीच्या तोफा झाल्या, एक वाऱ्याचा झोत आला तसं कललं, सावरलं, दुसरा आला तसं डावीकडं असं झुकलं की तोफांच्या खालच्या खिडक्यांतून पाणी आत. १३०० मीटर गेलं होतं फक्त. म्हणजे आपल्याकडं बिंदू चौकातून निघून भवानी मंडप, महाद्वार करत माणूस बिनखांबी गणपतीला पोचेस्तोवर सगळं संपलं. दीडएकशे लोक होते वर, त्यातले तीसएक गेले. शत्रू नाही, वादळ नाही, खडक नाही.

मला वेड लागलं ते मात्र बुडण्यानं नाही, पट्ट्यांनी. ते पुढच्या प्रतिसादात लिहितो, आता कामगार आलेत.

तांबडा_पांढरा:
पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत)! आणि बिंदू चौक ते बिनखांबी हे माप जगात भारी. सगळी मापं अशीच द्या मर्दा.

इतिहासवेडी:
वाचतेय. पण आपल्याकडं जहाज बुडालं म्हटलं की टायटॅनिकच सांगतात. ते १९१२ ला बुडालं, १९८५ ला सापडलं, जवळजवळ ३८०० मीटर खोल आहे आणि लोखंड खाणारे जंतू त्याला खातायत, त्यातल्या एका जंतूला टायटॅनिकचंच नाव दिलंय शास्त्रज्ञांनी. मग हे लाकडी जहाज कसं काय टिकलं एवढं? लाकूड तर आधी कुजायला पाहिजे ना?

पॅटर्नवाला:
@इतिहासवेडी, बरोबर जागी बोट ठेवलंत. समुद्रात लाकूड पोखरणारी एक अळी असते, खरं तर शिंपल्याच्याच जातीची, जहाजाच्या लाकडाची चाळण करून टाकते. ती खाऱ्या पाण्यात जगते. बाल्टिक समुद्र मचूळ, नद्यांचं पाणी भरपूर येतं, तिथं तिचं जमत नाही. वर स्टॉकहोमच्या बंदरात शहराची घाण इतकी वर्षं सोडलेली की तळाच्या पाण्यात प्राणवायूच नाही, कुजवणारे जंतूसुद्धा फारसे जगेनात. म्हणजे गटारानं जहाज वाचवलं. आपल्या जयंती नाल्याचं कुणी असं कौतुक करेल का कधी.

हे सगळं डोक्यात धरून एका माणसानं जहाज शोधलं. अँडर्स फ्रान्झेन, नोकरीनं इंजिनिअर, हा नाद सुट्टीतला. लहान मोटरबोट घेऊन वर्षानुवर्षं बंदराचा तळ चाचपत होता, दोरीला लोखंडी वजन आणि त्याच्या टोकाला पोकळ पंच, खाली सोडायचा आणि काय अडकलं ते वर ओढून बघायचं. १९५६ च्या ऑगस्टमध्ये पंचात काळ्या ओक लाकडाचा तुकडा आला. मग नौदलाचा पाणबुडा उतरला, अंधारात हातानं चाचपलं, एक चौकोनी खिडकी लागली, मग दुसरी, मग वर आणखी एक रांग. दोन रांगा म्हणजे वासाच.

आता पट्ट्या.

आमच्या धंद्यात दोन पट्ट्या असतात. एक साधी, दुसरी श्रिंकेजची. बीड (ओतीव लोखंड) गार होताना आकसतं, साधारण १०० ला १, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि दरवेळी हिशेब नको म्हणून श्रिंकेज पट्टीवरचा इंच मुळातच थोडा मोठा छापलेला असतो. दिसायला दोन्ही सारख्या. मी अकरावीत असताना आण्णा बाहेर गेले होते, मी हौसेनं ६०० एमएमच्या पुलीचा पॅटर्न साध्या पट्टीनं केला. ओतकाम झालं, पुली ६ एमएम कमी, मशीनिंगला मटेरियलच उरलं नाही. आण्णा काही बोलले नाहीत. दोन पट्ट्या दोन वेगळ्या भिंतींवर टांगल्या, बस्स.

आणि इथं बघा. वासामध्ये सुतारांच्या चार पट्ट्या सापडल्या. दोन पट्ट्यांवर स्वीडनचा फूट, त्याचे १२ इंच. उरलेल्या दोन आमस्टरडॅमच्या, त्या फुटाचे इंच ११ च. यार्डात काही मिस्त्री स्वीडिश, काही डच, ज्याची त्याची पट्टी ज्याच्या त्याच्या कमरेला. आणि आता माप घेतल्यावर कळलं की जहाजाच्या दोन बाजू सारख्या नाहीत, डावीकडं लाकूड जास्त पडलंय. हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही. ४०० वर्षांपूर्वी कुणाचं तरी पोर चुकीची पट्टी घेऊन बसलं होतं.

शिरोली_शिफ्ट_बी:
नाद खुळा धागा. मी पण फौंड्रीतलाच, क्वालिटीला. पण दादा एक शंका, नुसत्या पट्टीच्या फरकानं एवढं मोठं जहाज आडवं होणार नाही. कुठंतरी वजनाची बोंब असणार.

पॅटर्नवाला:
व्हय, पट्टी हे कारण नव्हेच, मी वेडा झालो त्याचं कारण फक्त. खरं दुखणं वरचा भार. पाण्याखालचा भाग अंगानं अपुरा आणि पाण्यावरचं सगळं जाडजूड, जड लाकडाचं. वर कांस्याच्या तोफा दोन मजल्यांवर, त्यातल्या ४८ मोठ्या २४ पौंडी (म्हणजे २४ पौंडाचा गोळा फेकणाऱ्या), एकेक टनाच्या वर. खाली तळाला १२० टन दगड भरले होते, ते कमी पडले, पण आणखी भरले असते तर खालच्या खिडक्या पाण्याला टेकल्या असत्या. म्हणजे दुरुस्तीला जागाच नव्हती. तेव्हा हे गणितानं काढायची सोय नव्हती हो, मिस्त्रीच्या डोक्यातलं प्रमाण, त्यावर जहाज. आणि मूळ मिस्त्री हेन्रिक हिबर्टसन, डच माणूस, आधी आजारी पडला आणि १६२७ मध्ये वारला, काम दुसऱ्यानं उरकलं.

पण याच्यापुढचं ऐका. निघायच्या आधी धक्क्यावर चाचणी घेतली होती. ३० माणसं डेकवर एका कडेपासून दुसऱ्या कडेला पळवायची, जहाज किती डोलतंय बघायचं. तीनदा पळाली. तिसऱ्या वेळी इतकं डोललं की अॅडमिरल फ्लेमिंगनं चाचणी थांबवली. जहाज नाही थांबवलं, चाचणी थांबवली.

शिरोली_शिफ्ट_बी:
अगागागा. ही तर आमची ट्रायल रन झाली की. नाव घेत नाही, पण एका ठिकाणी नोकरीला होतो तिथं प्रेशर टेस्टला केसिंग घाम सोडाय लागलं की साहेब गेज बंद करायला सांगायचे, टेस्ट झाली म्हणून. डिस्पॅचची तारीख देवानं पण बदलायची नाही.

कोकणातला_खलाशी:
शिक्षा कुणाला झाली मग?

पॅटर्नवाला:
कुणालाच नाही. कॅप्टन सॉफ्रिंग हॅन्सन वाचला, त्याला लगेच पकडलं, तू दारू प्यायला होतास का, तोफा नीट बांधल्या होत्या का. तो म्हणाला सगळं बांधलेलं होतं. मग यार्डवाल्यांना बोलावलं, ते म्हणाले मापं राजानं मंजूर केलेली, आम्ही तीच ठेवली. मग बुडलं कशानं विचारलं तर एकानं सांगितलं, देवालाच ठाऊक. मिस्त्री मेलेला, राजा तिकडं पोलंडवाल्यांशी लढाईत, फाईल बंद. आपल्याकडची कुठलीही चौकशी डोळ्यांसमोर आणा.

इतिहासवेडी:
तुम्ही प्रत्यक्ष बघून आलाय का? की सगळं मोबाईलवरच?

पॅटर्नवाला:
आलोय! तेच लिहायचं राहिलं. लेक तिकडं नोकरीला आहे, २०२३ च्या जूनमध्ये दोघं गेलो होतो. ९ दिवसांत मी तीनदा म्युझियमला. तिसऱ्या वेळी आमच्या हिनं सांगितलं, इथं येऊन पण लाकूडच बघायचं असेल तर तुम्ही एकटे जावा, आम्ही बाजारात जातो.

म्युझियम एका बेटावर आहे, छपरातून तीन डोलकाठ्या वर काढल्यात, खऱ्या जहाजाची उंची कळावी म्हणून, ५२ मीटर भरते तळापासून टोकापर्यंत. आत शिरलं की आधी काही दिसत नाही. अंधार ठेवलाय, उजेडानं लाकूड खराब होऊ नये म्हणून, आणि गारवा. मग डोळे सरावले की समोर एकदम ती काळी भिंत उभी राहते. मी भिंतच म्हणतो, कारण जहाज म्हणून नजर पुरत नाही, सहा मजले चढत जायचं आणि प्रत्येक मजल्यावर जहाजाचा वेगळा भाग नाकासमोर. अंबाबाईच्या देवळात बाहेरून पहिल्यांदा दगडातली शिल्पं बघताना लहानपणी व्हायचं तसं झालं. ९८ टक्के मूळचं लाकूड आहे. नमुना नाही, प्रतिकृती नाही, तेच.

आणि कोरीवकाम. ७०० च्या आसपास मूर्ती. पुढं ३ मीटरचा झेपावणारा सिंह. नाकाडाच्या दोन्ही बाजूला रोमन सम्राटांची रांग, २० आहेत. पुढच्याच भागात एक पोलंडचा सरदार बाकाखाली दबून बसलेला कोरलाय, शत्रूचा अपमान म्हणून, तो पण अशा ठिकाणी की खलाशांच्या संडासाला जाताना दिसावा. कोरणाऱ्याला मजा आली असणार. आता सगळं तपकिरी काळं दिसतं, पण रंगाचे कण तपासून त्यांनी शेजारी १:१० चं मॉडेल ठेवलंय, ते बघून हबकायला होतं, लाल, हिरवा, पिवळा, सोनेरी, एकदम आपल्या त्र्यंबोली यात्रेतल्या पालखीसारखं झगमगीत. आपल्याला जुनं म्हणजे काळंच वाटतं, तेव्हाच्या लोकांना असलं चालत नव्हतं.

मला सगळ्यात थांबवलं ते खालच्या मजल्यावरच्या बारक्या वस्तूंनी. एका खलाशाची पेटी, त्यात त्याची फेल्टची टोपी नीट ठेवलेली, शिवणकामाचं सामान. सोंगट्यांचा एक खेळ. बूट. तांब्याची हजारो नाणी. शिडं सुद्धा मिळाली, दहापैकी सहा शिडं घडी घालून कोठीतच होती, कारण सोडायला वेळच आला नाही. आणि हाडं. काही सांगाड्यांवरून चेहरे करून ठेवलेत, वय, दुखणी सगळं काढलंय. एकाला खूप वर्षं पुरुष समजत होते, २०२३ मध्येच डीएनएवरून कळलं की बाई होती. त्यांनी तिचं नाव गेरट्रुड ठेवलंय. पहिल्या सफरीला खलाशांच्या बायकांना थोडं अंतर सोबत यायची मुभा होती, त्यातली असेल. ही मात्र तिथं बराच वेळ उभी राहिली, बाजाराचं नाव काढलं नाही.

केमिस्ट्रीची_मॅडम:
सुंदर लिहिताय. २६ वर्षं वाळवलं म्हणालात तिथं जरा भर घालते, शिकवण्याची खोड. जुन्या पाणभरल्या लाकडात पेशींच्या भिंती झिजलेल्या असतात, आत पाणी भरलंय म्हणूनच त्या उभ्या असतात. पाणी उडालं की पेशी आत ओढल्या जाऊन चपट्या होतात आणि लाकूड आकसतं, फाटतं, आणि बाहेरचा थर आधी वाळतो म्हणून तडे. त्यावर उपाय म्हणजे पाणी काढता काढता त्याच्या जागी दुसरं काहीतरी भरायचं जे उडून जात नाही. त्यांनी पॉलिइथिलिन ग्लायकॉल वापरलं, पीईजी. घाबरू नका, तुमच्या मलमात, क्रीममध्ये असतं ते, मेणासारखं. १९६२ पासून १७ वर्षं फवारणी केली, मग हळूहळू वाळवणं. तुमचे पॅटर्न मात्र वेगळी केस आहे हं. आठवड्यात सागाच्या पेशी झिजत नाहीत, तुमचं लाकूड फुगलं आणि एकदम उन्हात आकसलं. सावलीत, गोणपाट टाकून, टोकांना मेण लावून महिनाभर ठेवलं असतं तर बरेच वाचले असते.

पॅटर्नवाला:
मॅडम, हे २०१९ मध्ये का नाही भेटलात.

केमिस्ट्रीची_मॅडम:
मीही तेव्हा रुईकर कॉलनीत पहिल्या मजल्यावर अडकले होते. २०२१ ला पण. :)

आणखी एक, जहाजाचं दुखणं संपलेलं नाही. घाणेरड्या पाण्यातलं गंधक लाकडात मुरलंय, लोखंडी बोल्टांमुळं त्याचं हळूहळू सल्फ्युरिक आम्ल होतं. २००० च्या पावसाळी उन्हाळ्यात म्युझियममध्ये दमटपणा वाढला आणि लाकडावर पांढरे पिवळे डाग उमटले, तेव्हा धावपळ झाली. मग हवामान यंत्रणा सुधारली आणि ५००० हून जास्त बोल्ट काढून स्टेनलेसचे बसवले. ज्या गटारानं वाचवलं त्यानंच आता ही औषधं लावलीत.

तांबडा_पांढरा:
मॅडम प्रतिसाद लई भारी. अवांतर: टोकांना मेण ही टिप जपून ठेवली, आमच्या वाड्याचा दरवाजा आहे.

लेस्टरचा_पाहुणा:
मी इंग्लंडला असतो, इथं पोर्ट्समथला मेरी रोझ आहे, हेन्री आठव्याचं. १५४५ ला बुडालं, १९८२ ला वर काढलं, त्यावर पण हीच पीईजीची फवारणी, २०१३ पर्यंत चालली. पण जहाज अर्धंच उरलंय, कापलेल्या भोपळ्यासारखं. वस्तू मात्र खजिना आहे, सुतारांची हत्यारं भरपूर, पॅटर्नवाले काका तुम्ही इकडं या एकदा.

कोकणातला_खलाशी:
सगळं ठीक आहे पण आपल्याकडच्या बुडालेल्या बोटींचं कुणाला काही नाही. रामदास बोट, १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, गटारी अमावास्येचा दिवस, सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्या आजीच्या माहेरचे होते त्यात. म्युझियम सोडा, गावात साधी पाटी नाही.

इतिहासवेडी:
+१. आणि ज्यांना समुद्र कोल्हापूरपासून लांब वाटतो त्यांच्यासाठी, टाऊन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची छोटी कांस्य मूर्ती आहे, ग्रीकांचा समुद्रदेव. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडली, पंचगंगेच्या काठावर. रोमन व्यापारातून जहाजानं किनाऱ्याला आणि तिथून घाट चढून आली असं मानतात. म्हणजे जहाजाच्या पुढं रोमन सम्राट लावणारा तो राजा आणि आपली ब्रह्मपुरी एकाच दुकानाचे गिऱ्हाईक.

पॅटर्नवाला:
@कोकणातला_खलाशी, खरं आहे, काय बोलणार.

@इतिहासवेडी, ती मूर्ती मी शाळेच्या सहलीत बघितलीय, तेव्हा मास्तर म्हणाले हा समुद्राचा देव आणि आम्ही सगळे हसलो, कोल्हापुरात काय करतोय म्हणून. आता ओतकामाच्या नजरेनं परत बघायला पाहिजे. कांस्याचा विषय निघालाच आहे तर, वासाच्या तोफा. जहाज बुडाल्यावर पस्तीसएक वर्षांनी, १६६० च्या दशकात ट्राइलेबेन म्हणून एकानं ५० हून जास्त तोफा वर काढल्या. कसं, तर घंटेच्या आकाराचं भांडं उपडं पाण्यात सोडायचं, आत हवा कोंडलेली, त्याखाली फळीवर माणूस उभा, डोकं हवेत, हातात आकडा. ३२ मीटर खोल, बर्फासारखं पाणी, पुढं हात दिसत नाही. टनाच्या वरची तोफ गाडीवरून सुटी करायची, खिडकीतून बाहेर ओढायची. एवढा आटापिटा कांस्यासाठी. वितळवून परत ओतता येतं ना. लाकूड तसंच सोडलं, त्याला किंमत नव्हती.

शिरोली_शिफ्ट_बी:
स्क्रॅपचा भाव तेव्हापासून मेटललाच :D

पण मला एक सांगा, त्यांनी पुढचं जहाज कसं केलं? तीच मापं?

पॅटर्नवाला:
याची वाट बघत होतो! वासाचं जोड जहाज होतं, एप्लेट, म्हणजे सफरचंद. ज्या मिस्त्रीनं वासा उरकलं, हाइन याकोबसन, त्यानंच केलं, पण मीटरभर जास्त रुंद. १६२९ ला पाण्यात उतरलं आणि चाललं की हो, तीस वर्षं. मग जुनं झालं म्हणून १६५९ ला मुद्दाम बुडवलं, सामुद्रधुनी अडवायला. ते २०२१ च्या शेवटी पाणबुड्यांना सापडलं आणि २०२२ ला नक्की झालं की एप्लेटच. एक मीटर. त्या माणसाला कळलं होतं, फक्त आधीच्या वेळी त्याला कुणी विचारलं नसणार, का विचारलं आणि तो बोलला नाही, मी तिथं जहाजाखाली उभा राहून हेच घोकत होतो.

सायलेंट_वाचक:
पहिल्यांदाच लिहितोय. काका, आण्णांच्या त्या दोन पट्ट्या आहेत का अजून?

पॅटर्नवाला:
साधी आहे. श्रिंकेजची पुरात गेली. स्टीलची होती, गाळात असेल म्हणून दोन दिवस फावड्यानं उकरलं, पोरांनी पण हात घातले. नाही मिळाली. भिंतीवरचा खिळा ठेवलाय तसाच.

इतिहासवेडी:
रविवारी टाऊन हॉलला पोसायडन बघायला कोण कोण येणार? नंतर मिसळ.

तांबडा_पांढरा:
मिसळ आधी.

पॅटर्नवाला:
आलो. मापाला व्हर्नियर आणतो, काचेबाहेरनं जमलं तर.